खाण बंद पडल्यावर

हा पाठ जरा लांब आहे. एका बैठकीत पुरा झाला नाही, तर दोन बैठकींत वाचावा. नावे परकी आहेत. ती अडखळत वाचली तरी चालतील. आम्हीही पहिल्यांदा अडखळलोच.

एखाद्या गावात मोठा धंदा असतो. सारे गाव त्यावर जगते. वाणी उधार देतो तो त्याच्या भरवशावर, शाळेत मुले येतात ती त्याच्या भरवशावर, लग्ने ठरतात तीही त्याच्याच भरवशावर. आणि एक दिवस तो धंदा बंद पडतो. मग त्या गावाने काय करायचे?

हा प्रश्न तुम्हांला नवा नाही. आमच्या वर्गांना येणाऱ्या पुष्कळांनी गिरणीचा भोंगा ऐकला आहे, आणि तो थांबल्यावर काय होते तेही पाहिले आहे. यावर हल्ली एक उपाय सांगतात. धंदा गेला तर जाऊ द्या, म्हणतात. जुन्या भट्ट्या, जुन्या खाणी, जुने कारखाने लोकांना दाखवा. लांबलांबून पाहुणे येतील, खातील-पितील, चार दिवस राहतील. त्यांच्या पैशावर गाव पुन्हा उभे राहील. ऐकायला बरे वाटते. पण असे होते का? झाले तर कोणाचे भले होते? हे नुसत्या तर्काने सांगता येणार नाही. ज्या मुलखात हा उपाय चाळीस वर्षांवर करून पाहिला आहे, तिकडची हकीगत आज वाचू.

नदीच्या उगमापाशी

इंग्लंडच्या पश्चिमेला लागून वेल्स नावाचा छोटा देश आहे. तो ब्रिटनच्या राज्यातच मोडतो. पण तेथील लोकांची भाषा निराळी, गाणी निराळी आणि अभिमानही निराळा. लोकवस्ती सुमारे ३१ लाख. आपल्या एकट्या मुंबईत असे चार वेल्स मावतील. देशाच्या दक्षिण भागात डोंगरांच्या रांगा आहेत आणि रांगांमध्ये अरुंद दऱ्या. त्या डोंगरांच्या पोटात कोळसा, लोखंडाचा दगड आणि चुनखडी ही तिन्ही जवळजवळ सापडत. लोखंड करायला हेच तीन पदार्थ लागतात. धगीसाठी कोळसा, धातूसाठी दगड आणि मळ काढण्यासाठी चुनखडी. सरपण, तांदूळ आणि पाणी एकाच अंगणात मिळावे तसेच झाले हे.

एका दरीच्या अगदी माथ्यावर ब्लेनाव्हन नावाचे गाव आहे. वेल्श भाषेत या नावाचा अर्थ नदीचा उगम. इ. स. १७८९ च्या सुमारास तिघा भांडवलवाल्यांनी येथे लोखंडाच्या भट्ट्या घातल्या. भट्ट्या पेटल्या तशी पोटामागे माणसे चारी दिशांनी धावून आली. पुढे गावची वस्ती १२ हजारांच्या वर गेली.

१८१६ साली कारखानदारांच्या घराण्यातील सारा हॉपकिन्स नावाच्या बाईंनी येथे मजुरांच्या मुलांसाठी शाळा बांधली. तिचा भाऊ वारला होता, त्याच्या स्मरणार्थ. ही शाळा लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे. आमचा जन्म शाळेत गेला, म्हणून आमची नजर आधी तिकडे गेली हे कबूल करतो.

याच गावात एक मोठा शोध लागला. ज्या दगडात फॉस्फरस नावाचे द्रव्य असे, त्याचे पोलाद ठिसूळ होई. जगात असा दगड मुबलक, पण वाया. लंडनमध्ये सिडनी गिलख्रिस्ट थॉमस नावाचा तरुण न्यायालयात कारकुनी करी आणि संध्याकाळी रसायनशास्त्राच्या वर्गाला जाई. होय, तुमच्यासारखाच, दिवसभर काम करून. त्याचा भाऊबंद पर्सी गिलख्रिस्ट ब्लेनाव्हनच्या कारखान्यात रसायनज्ञ होता. दोघांनी १८७७-७८ मध्ये तेथे प्रयोग केले. भट्टीला आतून चुन्याच्या जातीचे अस्तर दिले की फॉस्फरस त्यात शोषला जातो, हे त्यांनी सिद्ध केले. जगभर त्या रीतीने पोलाद निघू लागले. गंमत अशी की, त्याचा मोठा लाभ जर्मनीसारख्या देशांना झाला. त्यांच्याकडे तसला दगड भरपूर होता. ज्या गावाने युक्ती शोधली, त्या गावच्या जुन्या भट्ट्या मात्र १९०४ पर्यंत थंडावल्या. शोध लावणाऱ्याच्या घरी पीक येतेच असे नाही.

मोठी खाण

लोखंड मागे पडले तरी कोळसा होता. वेल्सचा कोळसा आगबोटींना फार मानवे. तो जगभरच्या बंदरांत जाई, आपल्या मुंबई बंदरातही उतरे. १९१३ साली दक्षिण वेल्समध्ये सुमारे ५ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला. खाणींत त्या वेळी २ लाख ३० हजारांवर माणसे राबत होती.

ब्लेनाव्हनमधल्या एका खाणीला लोक मोठी खाण म्हणत. इंग्रजीत बिग पिट. खाणीत उतरायला विहिरीसारखा सरळ खोल कूप असतो. येथला कूप १८ फूट लांब आणि १३ फूट रुंद, खोली सुमारे ३०० फूट. म्हणून नाव मोठी खाण. भरभराटीच्या दिवसांत येथे तेराशेच्या वर माणसे कामाला होती.

खाली काम कसे चाले ते नीट वाचा. लोखंडी पिंजऱ्यासारख्या पाळण्यातून माणसे खाली जात. खाली काळोख. वारा खेळता राहावा म्हणून बोगद्यांना लाकडी दारे बसवलेली असत. कोळशाची गाडी आली की दार उघडायचे, गेली की लावायचे. जुन्या काळी हे काम लहान पोरे करीत. दिवसभर अंधारात दोरी धरून एकटे बसायचे. १८४२ साली कायदा झाला. दहा वर्षांखालील मुलगे आणि सर्व बायका व मुली यांना जमिनीखाली कामाला लावण्यास त्याने बंदी केली. तोवर पाच-सहा वर्षांची पोरेही दाराशी बसत. गाड्या ओढायला घोडे असत. त्यांचे तबेलेही खालीच. खाणीला वार्षिक सुट्टी लागली म्हणजे त्या घोड्यांना वर आणीत, आणि ते गवतावर धाव घेत.

घरी बाईचे काय? नवरा आणि मुलगे काळेठिक्कर होऊन येत. पाळ्या निरनिराळ्या, म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा पाण्याचे जड हंडे चुलीवर चढवायचे, उतरवायचे, पत्र्याच्या टबात ओतायचे. एलिझाबेथ अँड्र्यूज नावाची खाणकामगाराची बायको १९१९ साली सरकारी चौकशी मंडळापुढे उभी राहिली. ती म्हणाली, या ओझ्याने बायकांचे गर्भ पडतात, पोरे उकळत्या पाण्याने भाजतात, खाणीच्या तोंडाशीच न्हाणीघरे बांधा. ब्लेनाव्हनच्या मोठ्या खाणीवर न्हाणीघर झाले ते १९३९ साली. त्या बाईने साक्ष दिल्यानंतर वीस वर्षांनी!

आता एक चांगली गोष्ट. या कामगारांनी स्वतःच्या पैशाने सभागृह बांधले. दर आठवड्याच्या मजुरीतून प्रत्येकी अर्धा पेनी कापून घेत. पेनी म्हणजे त्यांचा पैसाच म्हणा. अशा अर्ध्या-अर्ध्या पैशांतून १८९५ साली गावात दगडी टोलेजंग इमारत उभी राहिली. तीत वाचनालय होते, वर्तमानपत्रांची खोली होती. दक्षिण वेल्सच्या दरीदरीत अशी कामगारांची वाचनालये होती. पाळी संपवून, अंग धुऊन माणसे तेथे वाचायला जात. त्या पिढीत पुष्कळ जण असे शिकले.

खाण बंद पडली

१९४७ च्या जानेवारीत सरकारने साऱ्या खाणी ताब्यात घेतल्या. कामगारांना वाटले, आता खाण आपली. पण पुढे आगबोटी तेलावर चालू लागल्या. आगगाड्याही कोळसा सोडून तेलावर आणि विजेवर गेल्या. घरात गॅस आला. वेल्सचे थर पातळ आणि वेडेवाकडे; दुसरीकडचा कोळसा स्वस्त पडू लागला. एकामागून एक खाणी मिटल्या. मोठी खाण १९८० च्या फेब्रुवारीत बंद झाली. १९८४ च्या मार्चमध्ये उरलेल्या खाणी वाचवण्यासाठी ब्रिटनभर मोठा संप झाला. वर्षभर चालला आणि मोडला. त्यानंतर तर खाणी भराभर गेल्या.

ही हकीगत वाचताना आम्हांला १९८२ साल आठवले. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा नव्याने शिक्षक झालो होतो, परळ भागातल्या एका प्राथमिक शाळेत. चौथीचा वर्ग होता. पटावर ५२ मुले. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा ३१ उरली. बाकीची आईबापांबरोबर कोकणात नाहीतर घाटावर गावी गेली. एक मुलगा जाताना पाटी परत करायला आला. शाळेची पाटी, ती नेऊ नये असे त्याच्या आईने सांगितले होते. आम्ही त्याला पाटी ठेवून घे असे म्हणालो नाही. हे अजून टोचते.

असो. ब्लेनाव्हनकडे वळू.

पाहुणे आले

मोठी खाण बंद झाली तेव्हा स्थानिक लोकांनी आणि संस्थांनी ठरवले, की कूप बुजवू द्यायचा नाही. विश्वस्त मंडळ केले. १९८३ साली ती खाण लोकांना पाहण्यासाठी उघडली. पाहुण्यांना खरोखर ३०० फूट खाली नेतात. आणि नेतो कोण? तर ज्यांनी खाणीत काम केले तेच कामगार. उपायातला सगळ्यांत शहाणपणाचा भाग आम्हांला हाच वाटतो.

वरच पाहुण्याच्या डोक्यावर शिरस्त्राण चढते, त्यावर दिवा. कमरेला पट्टा आणि जड बॅटरी. खिशातली काडेपेटी, घड्याळ, मोबाईल सगळे वर ठेवून घेतात, कारण कोळशाच्या खाणीत जळाऊ वायू असू शकतो. एक ठिणगी पुरते. हा देखावा नव्हे, तो खाणीचा खराच नियम आहे. पाळणा खाली जातो. बोगद्यातून वाकून चालावे लागते. पोरे जेथे बसत ती दारे दाखवतात, घोड्यांचे तबेले दाखवतात. मग दाखवणारा सांगतो, आता सगळ्यांनी दिवे मालवा. दिवे मालवले म्हणजे स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. शाळेची मुले त्या वेळी एकदम गप्प होतात, असे वाचले. सहा वर्षांचे पोर अशा काळोखात दिवसभर बसे, हे मग वेगळे समजवावे लागत नाही.

वर जुने न्हाणीघर आहे. त्यातच आता प्रदर्शन मांडले आहे. लोखंडाच्या भट्ट्या, कामगारांच्या खोल्या, हेही सारे राखले आहे. वाफेची एक छोटी आगगाडी हौशी स्वयंसेवक चालवतात. २००० साली युनेस्कोने ब्लेनाव्हनचा सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घातला. आपल्याकडची अजिंठा-वेरूळची लेणी आणि मुंबईचे जुने बोरीबंदर स्थानक ज्या यादीत आहे, तीच ही यादी. राजवाडा नाही, देऊळ नाही. मजुरांनी खणलेला डोंगर. तरी त्याला तो मान मिळाला. २००१ मध्ये खाण वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेली आणि संग्रहालयाचा प्रवेश विनामूल्य झाला. २००५ मध्ये ब्रिटनमधील उत्तम संग्रहालयाचे बक्षीस तिने मिळवले. त्यात १ लाख पौंड होते.

आणि ती शाळा? हॉपकिन्सबाईंची? ती मोडकळीला आली होती. तिची दुरुस्ती करून २००८ साली तेथे परिसराची माहिती देणारे केंद्र उघडले. शाळा पुन्हा शिकवू लागली, एवढे आमच्यापुरते पुष्कळ झाले.

मग गाव सुधारले का?

येथे आपण थांबून हिशेब मांडू. गोड गोष्ट सांगून वाचकाला घरी पाठवणे आम्हांला पसंत नाही.

लाभ झाले ते असे. गावाची लाज गेली. पूर्वी ब्लेनाव्हन म्हटले की लोक म्हणत, मेलेले गाव. पाहुणे येऊ लागल्यावर पडकी घरे आणि दुकानांची तोंडे दुरुस्त झाली, रस्ते सुधारले, सरकारी पैसाही आला. वस्ती घसरत होती ती सहा हजारांच्या आसपास येऊन टिकली. काही जुन्या कामगारांना सन्मानाचे काम मिळाले. ज्या हाताने कोळसा काढला त्याच हाताने ते आता मुलांना खाण दाखवीत.

पण तेराशे माणसांची खाण गेली आणि संग्रहालय आले. संग्रहालयाला तेराशे माणसे लागत नाहीत. चहाच्या दुकानाला दोन-तीन माणसे पुरतात, तीही हंगामापुरती. उन्हाळ्यात गर्दी, हिवाळ्यात शुकशुकाट. पाहुणा सकाळी मोटारीने येतो, खाण पाहतो, संध्याकाळी दुसरीकडे मुक्कामाला जातो. गावातल्या बाजारपेठेत तो उतरलाच नाही तर वाण्याला काय मिळाले? खाणकामगाराची मजुरी सारे घर पोसत असे. वाढप्याच्या पगारावर तसे घर चालत नाही. आज त्या दऱ्यांतली पुष्कळ तरुण मंडळी कामासाठी खालच्या मोठ्या शहरांत जातात.

एक फसलेला प्रयोगही सांगतो. वेल्सच्या सीमेवर हे-ऑन-वाय नावाचे छोटे गाव आहे. तेथे जुन्या पुस्तकांची दुकाने एकाला लागून एक आहेत. पुस्तकांसाठी लोक परदेशातून येतात. ते पाहून २००३ साली ब्लेनाव्हनलाही पुस्तकांचे गाव करायचे ठरले. दुकाने निघाली. थोड्याच वर्षांत बहुतेक मिटली. हे-ऑन-वायची दुकाने चाळीस वर्षांत हळूहळू जमली होती, ब्लेनाव्हनला ती एका हंगामात हवी होती. कलम कोणतेही असो, खोड त्याच मातीतले लागते. खाण दाखवणे साधले, कारण खाण त्यांची होती.

शेजारच्या एका दरीत एब व्हेल नावाचे पोलादाचे गाव आहे. तेथे कारखान्याच्या जुन्या जागेवर १९९२ साली मोठे उद्यान-प्रदर्शन भरवले. मे ते ऑक्टोबर. २० लाखांवर लोक येऊन गेले. जत्राच ती! जत्रा उठली आणि लोक गेले. उरलेला पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद झालाच. एवढ्या मोठ्या प्रदर्शनाच्या वर्षीही त्या गावी उतारूंची आगगाडी जात नव्हती. ती १९६२ साली बंद केली होती आणि २००८ साली परत सुरू झाली. आमच्या मते त्या गावाला प्रदर्शनापेक्षा आगगाडीची गरज जास्त होती. आधी प्रदर्शन, मग सोळा वर्षांनी गाडी. हा क्रम कोणी लावला कोण जाणे.

खाण कामगारांनीच विकत घेतली

आता टॉवर खाणीची गोष्ट. ती आम्हांला फार आवडते.

हिरवॉन गावाजवळ टॉवर नावाची खाण होती. १९९४ साली सरकारी कंपनीने ती बंद केली. कारण दिले की परवडत नाही. कामगार म्हणाले, परवडते. टायरोन ओसुलिव्हान नावाचे त्यांचे पुढारी होते. २३९ कामगारांनी नोकरी सुटताना मिळालेल्या पैशांतून प्रत्येकी ८ हजार पौंड काढले आणि खाणच विकत घेतली. १९९५ च्या जानेवारीत ते गाणी म्हणत, मिरवणुकीने पुन्हा खाणीवर गेले, या वेळी मालक म्हणून. कोणी म्हणाले, वर्षभरही टिकणार नाहीत. ते तेरा वर्षे टिकले. २००८ साली परवडण्याजोगा कोळसा संपला तेव्हा त्यांनी खाण आपल्या हातांनी बंद केली.

२०२१ पासून त्या जागी निराळाच खेळ आहे. डोंगरावरून खाली लांबच लांब तारा बांधल्या आहेत. पाहुण्याला पट्ट्याने त्या तारेला अडकवतात आणि सोडून देतात. तो पाखरासारखा सूं करून खाली जातो. उत्तर वेल्समधून आलेली एक कंपनी हा धंदा चालवते. पोरांना मजा येते, स्थानिक तरुणांना नोकऱ्याही मिळतात. त्याला आमची हरकत नाही. पण फरक ध्यानात घ्या. आधी खाण कामगारांच्या मालकीची होती. आता ज्याची तार त्याचा गल्ला. पर्यटन आले म्हणजे गावाकडे पैसा आला असे होत नाही. तिकिटाचा पैसा कोणाच्या खिशात गेला, हे विचारावे लागते.

आणखी एक गोष्ट, आणि ती सांगताना हात जड होतो. खाणीतली निरुपयोगी माती आणि दगड डोंगरावर ढीग करून टाकीत. अॅबरफॅन गावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास पावसाने भिजलेला असा एक ढीग घसरला आणि खालच्या शाळेवर आला. ११६ मुले आणि २८ मोठी माणसे गेली. शिक्षकही गेले. नंतरच्या चौकशीत दोष सरकारी कोळसा मंडळावर ठेवला गेला. आज त्या शाळेच्या जागी बाग आहे, आणि टेकडीवर मुलांच्या कबरींवर पांढऱ्या कमानी आहेत. तेथे तिकीट नाही, दाखवणारा नाही, दुकान नाही. कोणी गेलाच तर गुपचूप फुले ठेवून येतो. गावातली प्रत्येक जागा पाहुण्यांपुढे मांडायची नसते, एवढे त्या लोकांनी ओळखले.

आपल्याकडे

वेल्समधल्या संग्रहालयांची आता एक काळजी आहे. खाणीत काम केलेली माणसे म्हातारी होत चालली. शेवटच्या मोठ्या खोल खाणीलाही बंद होऊन बरीच वर्षे झाली. उद्या पाहुण्याला खाली नेणारा माणूस स्वतः कधी कोळसा न काढलेला असेल. तो पाठ केलेले सांगेल. 'माझा बाप येथे बसे' असे त्याला म्हणता येणार नाही. म्हणून तेथे म्हाताऱ्या कामगारांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवतात.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये उभारायला घेतली. तेव्हापासून सव्वाशे वर्षे गिरणगाव धाग्यावर जगले. गिरण्यांच्या जागेवर आता उंच इमारती आणि मोठी दुकाने झाली आहेत. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे मुंबई महानगरपालिकेने योजले. चांगली गोष्ट आहे. पण तिकिटाच्या खिडकीशी कोण बसेल, साचा कोण चालवून दाखवील आणि खानावळ कोणाची असेल, हे आधीच विचारून ठेवायला हवे. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बाया एकेकाळी हजारो माणसांना जेवू घालीत. त्यांच्या सुना-नातींना त्या आवारात चूल मिळाली तर पाहुण्यांचेही पोट भरेल.

आमच्या प्रौढवर्गाला एक वयस्क साचेवाले येतात. बत्तीस वर्षे साच्यावर उभे होते. त्यांना वाचता येत नव्हते, आता जोडाक्षरापर्यंत आले आहेत. मागच्या वर्षी आम्ही दोघे एका कामासाठी बाहेर पडलो होतो. वाटेत त्यांची जुनी गिरणी लागली. आता तेथे काचेचे चकचकीत दुकान आहे. चिमणी तेवढी ठेवली आहे, शोभेला. दाराशी उभ्या पोराने विचारले, "काका, कुठं जायचंय?"

हे म्हणाले, "साचाखात्यात."

पोराला काही कळले नाही. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही काय सांगणार? आत गेलो. सरकत्या जिन्यापाशी ते थांबले आणि जमिनीकडे बोट दाखवून म्हणाले, "गुरुजी, हितं माझे दोन साचे होते. हितं पाणी प्यायचा माठ. आणि तिकडं मुकादम बसायचा." पाच मिनिटांत त्यांनी ते सारे खाते उभे केले. जिन्यावरून उतरणाऱ्या दोन मुली थांबून ऐकू लागल्या. एकीने विचारले, "आजोबा, साचा म्हणजे काय हो?"

त्यांनी हातवारे करून सांगितले. मुली गेल्या. परत येताना ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे लिहून ठिवाय पायजे. पण माझं अक्षर असलं."

आम्ही त्यांना दुरेघी वही दिली. तीत ते रोज एक-एक शब्द लिहितात. साचा. धोटा. कांडी. फणी. बीम. भोंगा. बदली. त्या शब्दापुढे तो काय कामाचा ते एका ओळीत. 'धोटा' शब्द आधी ढ घालून लिहिला होता, तो तीनदा खोडला आणि नीट केला. आजवर अकरा पाने झाली. ज्यांनी त्रासनखात्यात, सूतखात्यात नाहीतर रंगखात्यात काम केले असेल, अशांनी शुक्रवारच्या वर्गाला अर्धा तास आधी यावे. त्या खात्यांचे शब्द त्यांना ठाऊक नाहीत, आणि वहीत पाने पुष्कळ कोरी आहेत.